औंधच्या डोंगरावरची परकी आई

आपल्या सातारा जिल्ह्यात हेन्री मूरचं एक शिल्प आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? विसाव्या शतकातल्या मोठ्या शिल्पकारांची कोणतीही यादी काढा, हे नाव त्यात वरच्या ओळीत सापडतं. जगातल्या श्रीमंत शहरांनी आपापल्या चौकांत त्याची शिल्पं हौसेनं मांडली आहेत. आणि त्याचं एक दगडी शिल्प, 'माता आणि मूल', खटाव तालुक्यातल्या औंध गावी, यमाईच्या डोंगरावर जाणाऱ्या वाटेवरच्या श्री भवानी संग्रहालयात आहे. कोणीही जावं आणि पाहावं.

औंधला जाऊन आलेल्या माणसाला 'काय पाहिलंत' असं विचारलं, तर पहिलं उत्तर येतं 'यमाई'. दुसरं येतं राजा रविवर्म्याची 'सैरंध्री'. दोन्ही योग्यच आहेत. यमाई हे सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांचं कुलदैवत, आणि 'सैरंध्री'समोर उभं राहिलं की पाय हलत नाहीत. पण मूरच्या त्या आईचं नाव मी आजवर फार थोड्यांच्या तोंडून ऐकलं आहे. आज तिच्याविषयीच लिहायचं आहे.

आधी हे संग्रहालय उभं करणाऱ्याविषयी. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान. बहात्तर गावं, तीही एका जागी नाहीत. काही औंधजवळ, काही कुंडल आणि आटपाडीच्या बाजूला, काही पार विजापूरकडे. उत्पन्न बेताचं. पण या राजाला चित्रकलेचं वेड होतं, आणि वेड म्हणजे नुसतं विकत घेण्याचं नव्हे. ते स्वतः चित्रं काढीत. त्यांचं सचित्र रामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, त्यामागे यांचाच आग्रह आणि यांचाच पैसा होता. सूर्यनमस्काराचा त्यांनी केलेला प्रसार तर सर्वांना माहीत आहेच. हा माणूस स्वतः कीर्तन करायचा. राजा कीर्तनाला उभा राहतो, ही गोष्ट तेव्हाही नवलाची होती.

तर अशा या राजानं गोळा केलेली चित्रं आणि शिल्पं १९३८ मध्ये डोंगरावर इमारत बांधून मांडली. त्यात काय नाही? रविवर्मा आहे, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या प्रतिकृती आहेत, संगमरवरी पुतळे आहेत, चंदनातलं, लाकडातलं, हस्तिदंतातलं बारीक कोरीव काम आहे. या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. समोर उभं राहिलं की गोष्ट कळते. ही द्रौपदी, हा कीचकाचा वाडा, ही तिची लाज आणि हा तिचा संताप. कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग ती मूरची आई येते. तिथे गोष्ट नाही. नाव यशोदा नाही, कौसल्या नाही, मेरीसुद्धा नाही. नुसती आई आणि नुसतं मूल.

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवीत असे. औंधची सहल हा आमच्या वर्षाचा ठरलेला कार्यक्रम. एसटीची गाडी करायची, आधी देवीचं दर्शन, मग संग्रहालय, मग झाडाखाली बसून डबे. एका वर्षी सातवीतल्या एका मुलानं त्या शिल्पासमोर थांबून विचारलं, "सर, ह्ये अर्धंच ऱ्हायलंय का?" बाकीची पोरं हसली. मी म्हणालो, "नाही बाळ, ते एवढंच आहे. पुरं आहे." तो म्हणाला, "मग ह्या सायबाला सैरंध्रीसारखं करायला येत नव्हतं व्हय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. किंबहुना आधुनिक कलेविषयी याहून नेमका प्रश्न मी पुस्तकांतही वाचलेला नाही. त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

हेन्री मूर १८९८ साली इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये, कॅसलफर्ड या खाणींच्या गावात जन्मला. बाप कोळशाच्या खाणीतला कामगार, आठ भावंडांत हा सातवा. आईला सांधेदुखी, तिच्या पाठीला तेल चोळून देण्याचं काम लहानपणी याच्याकडे असायचं. पुढे म्हातारपणी त्यानं सांगितलं आहे की बायकांच्या पाठी घडवताना आईची ती पाठ त्याच्या बोटांना आठवायची. शाळेत त्याला अ‍ॅलिस गॉस्टिक नावाच्या चित्रकलेच्या बाई भेटल्या. पोराच्या हातात काय आहे ते त्यांनी ओळखलं. बापाचा हट्ट मात्र आधी शिक्षक हो, पोटापाण्याचं बघ, असा. त्याप्रमाणे मूर काही काळ गावच्या शाळेत मास्तर होता! (आमच्या बिरादरीतला माणूस, म्हणून मला त्याच्याविषयी थोडी जास्त आपुलकी.) मग पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये काँब्रेच्या लढाईत विषारी वायूनं तो जायबंदी झाला. युद्धानंतर सरकारनं सैनिकांना शिक्षणासाठी दिलेल्या मदतीवर तो लीड्सच्या कलाशाळेत गेला आणि तिथून १९२१ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच देतो. मूरला 'तसं' करायला येत होतं. त्या काळी शिल्पकलेची रीत अशी होती की आधी मातीत नमुना करायचा, मग एका यंत्राच्या मदतीनं त्या नमुन्यावरची मापं दगडावर बिंदू बिंदू करून उतरवायची, आणि त्या खुणांच्या हिशेबानं दगड कापत जायचं. कॉलेजात मूरला पंधराव्या शतकातल्या एका इटालियन शिल्पाची संगमरवरी प्रत करायला दिली. विषय कुमारी मेरीचा. पठ्ठ्यानं यंत्र बाजूला ठेवलं आणि नुसत्या नजरेनं, छिन्नी-हातोडी घेऊन थेट दगडातून ते डोकं काढलं. आणि मग नियमाप्रमाणे काम केलं असं वाटावं म्हणून त्यावर यंत्राच्या खुणांची खोटी भोकं पाडून ठेवली! शिकवणाऱ्याच्या ते लक्षात आलं, पण काम इतकं चोख होतं की त्यानं मान्य केलं.

म्हणजे हात तयार होता. मग तरीही त्यानं हुबेहूबपणा का सोडला?

यासाठी मी तुम्हाला मिरजेला नेतो. आमच्या सांगली जिल्ह्यातली मिरज म्हणजे तंबोरे आणि सतारींचं गाव. एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून हा धंदा उभा राहिला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिराकडे कधी तासभर बसा. तंबोऱ्याचा भोपळा काही तो साच्यात घालून वाढवत नाही. शेतात वेलावर जो वाढला, जो वाळला, त्यातून तो निवडतो. भोपळा फिरवून पाहतो, टिचकी मारून ऐकतो. हा पुरुषी आवाजाचा, हा बायकी. भोपळ्याचं पोट केवढं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. तुणीच्या लाकडाची दांडी त्याला कशी बसेल, तबकडी कितपत जाड ठेवायची, हे सगळं तो भोपळ्याला आणि लाकडाला विचारून ठरवतो. भोपळ्यावर जबरदस्ती केली तर तो फुटतो, नाहीतर मुका होतो.

मूर आणि त्याच्या पिढीतले काही शिल्पकार नेमकं हेच म्हणत होते. दगडाला दगड राहू द्या. दगडाला मऊ मांस असल्याचं सोंग कशाला आणायला लावायचं? आणि लाकूड असेल तर लाकडाचे तंतू जिकडे वाहतात तिकडे आकार वाहू द्या. लंडनच्या टेट संग्रहात त्याची १९३१ सालची बीच लाकडातली एक लहानशी मानवी आकृती आहे. वेकफील्डला १९३६ सालची एल्म लाकडातली पहुडलेली स्त्री आहे. त्या लाकडाच्या रेषा तिच्या अंगावरून अशा वळतात की नांगरटीच्या उताराची आठवण यावी. चेहरा-मोहरा, केस, वस्त्रांच्या चुण्या यांना त्यानं जवळजवळ रजा दिली. उरलं काय? वजन, वळण, पोकळी, आणि दोन शरीरांमधलं अंतर. आई आणि मूल यांच्यातलं नातं दाखवायला त्याला एवढंच पुरेसं वाटलं. आयुष्यभर तो या एका विषयाकडे परत परत वळत राहिला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपलेल्या आयांची आणि लेकरांची त्यानं काढलेली चित्रं प्रसिद्ध आहेत.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग. तो आहे इतिहासाचा, आणि तो आपल्या बेळगावपासून सुरू होतो.

सर जॉर्ज बर्डवुड हे बेळगावात १८३२ साली जन्मलेले इंग्रज. मुंबईत त्यांनी मोठं काम केलं, भारतीय हस्तकलांवर त्यांचा अधिकार होता. पण भारतात 'ललित' म्हणावी अशी उच्च कला आहे, हे त्यांना पटत नसे. जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांचं भारतीय कलेवर व्याख्यान झालं, अध्यक्ष बर्डवुड. जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीचं छायाचित्र समोर होतं. त्याविषयी बर्डवुड जे बोलले त्याचा अर्थ असा, की आत्म्याची शांती दाखवायला चरबी घालून उकडलेला पुडिंगचा गोळाही इतकाच चालला असता!

हे ऐकून लंडनच्या कलावंतांतले काही जण खवळले. विल्यम रोथेनस्टाइन हे चित्रकार त्यांत पुढे होते. फेब्रुवारीत 'टाइम्स'मध्ये निषेधाचं पत्र आलं, आणि त्याच साली 'इंडिया सोसायटी' स्थापन झाली. भारतीय कला ही कला म्हणून पाहायची, हा तिचा हेतू. रोथेनस्टाइन त्याच सुमाराला भारतात येऊन अजिंठा पाहून गेले. लेडी हेरिंगहॅम यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती या सोसायटीनं १९१५ मध्ये प्रसिद्ध केल्या.

आता गंमत पाहा. हेच रोथेनस्टाइन १९२० मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे प्राचार्य झाले. खाणकामगाराचा पोरगा हेन्री मूर त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि १९२४ मध्ये त्यांनीच त्याला तिथे शिकवायची नोकरी दिली. मूरचं खरं शिक्षण कॉलेजाबाहेर ब्रिटिश म्युझियममध्ये चाललं होतं, जिथे इजिप्त, मेक्सिको, आफ्रिका अशा साऱ्या जगातली शिल्पं तो तासन् तास पाहत फिरायचा. ग्रीक आणि रोमन तेवढंच सुंदर, बाकी सगळं रानटी, ही समजूत त्या पिढीनं तिथे मोडली.

आणि इकडे औंधला? बाळासाहेबांनाही अजिंठ्यानं झपाटलं होतं. त्यांचं अजिंठ्यावरचं सचित्र पुस्तक १९३२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालं. म्हणजे एकाच काळात लंडनमधले काही जण आपल्याकडे पाहायला शिकत होते, आणि औंधचा राजा आपल्याकडचं आणि त्यांच्याकडचंही एका छताखाली मांडत होता. मूरचं शिल्प औंधच्या संग्रहात आहे याचं मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही. दगडाला दगड राहू देणाऱ्या शिल्पकाराची गाठ दगडात देव पाहणाऱ्या मुलखाशी पडली, एवढंच.

होय, दगडात देव! त्या सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे. आमच्या माणदेशात शिवेवर म्हसोबा असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. एक शेंदूर फासलेला दगड. पण तिथून जाताना चप्पल काढून हात जोडणाऱ्या म्हातारीला 'हे अर्धवट राहिलंय का' असं विचारून पाहा बरं! तिच्या लेखी तो पुरता आहे. देवघरातला तांदळाही तसाच. मूर्ती नाही, पण देवी आहे. आकार साम्यावाचूनही अर्थ धरू शकतो, हे आमच्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसाला कोणत्याही कलाशाळेत न जाता माहीत होतं. कॅलेंडरावरची गुळगुळीत चित्रं घरोघर लागली, आणि हळूहळू आपली नजर तेवढ्यालाच सुंदर म्हणू लागली.

माझ्या मते खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. हे संग्रहालय उभं राहिलं १९३८ मध्ये. लगेच पुढच्या साली, जानेवारी १९३९ मध्ये, याच राजानं आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची धडपड, विलायतेहून शिकून आलेले राजपुत्र अप्पासाहेब यांची साथ, यांतून औंधची राज्यघटना झाली. गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याची, तिच्यावर विधिमंडळ. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाचं मूळ ते हेच. याच राजानं १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली होती.

ही दोन कामं मला वेगवेगळी वाटत नाहीत. ज्याला वाटतं की खेड्यातला माणूस राज्य चालवू शकतो, त्यालाच वाटू शकतं की खेड्यातला माणूस अजिंठा, रविवर्मा आणि युरोपही पाहू शकतो. नाहीतर असा संग्रह पुण्यात किंवा मुंबईत नेऊन मांडायला कोणाची हरकत होती? तो देवीच्या वाटेवर मांडला. दर्शनाला जाणारा कुणबी, धनगर, त्यांच्या बायका, पोरं जाता-येता आत डोकावतील अशा जागी. 'तुम्हाला काय कळणार' हे वाक्य त्या इमारतीच्या जागेनंच खोडून काढलं आहे.

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन जिल्हे झाले. माझा जन्म झाला तेव्हा आमचा जिल्हा 'दक्षिण सातारा' होता. १९६० पासून तो सांगली. कुंडल आणि आटपाडी सांगलीत आली, औंध आणि त्याचा डोंगर साताऱ्यात राहिला. माझे आजोबा औंधची प्रजा होते. ते 'आमचं संग्रहालय' म्हणायचे. माझ्या पिढीत ते 'औंधचं संग्रहालय' झालं, आणि माझ्या नातवंडांसाठी 'साताऱ्याकडे कुठेतरी एक आहे म्हणे' इतकं लांब गेलं. सरकारी दप्तरात सीमा बदलली ते ठीक. पण त्याबरोबर 'आमचं' हा शब्दही गेला, याचं वाईट वाटतं. मतदानाचा हक्क आपण घेतला आणि वापरतो, भांडून वापरतो. त्याच हातानं दिलेला पाहण्याचा हक्क मात्र तसाच पडून आहे.

असो. म्हातारपणी माणूस उपदेश करू लागतो, तेव्हा आवरतं घेतो.

यमाईला जाणार असाल तर अर्धा तास हाताशी ठेवा. 'सैरंध्री' पाहा, मनसोक्त पाहा. मग मूरच्या त्या आईसमोर या. सोबत नातवंड असेल तर त्याला आधी काही सांगू नका. शिल्पाभोवती शक्य तितकं फिरू द्या. ते म्हणेल, हे अर्धंच आहे. म्हणू द्या. मग त्याला एवढंच विचारा, की यातलं आई कोण आणि बाळ कोण, हे तुला कसं कळलं रे? चेहरा न वाचताही ते त्याला कळलेलं असेल. कशामुळे कळलं, हे शोधायला ते पोर पुन्हा त्या दगडाकडे पाहू लागेल, तेव्हा तुम्ही गप्प उभे राहा. पुढचं काम हेन्री मूर नावाचा एक जुना मास्तर करील.